मैनेचा शंकू

"सर, हे दोन वेगळे नाहीत," महरीन म्हणाली.

साळवी सरांनी भिंग डोळ्याला लावलं. मिरजोळ्याच्या त्यांच्या घरात, खिडकीपाशी, टेबलावर बियांचे शंकू मांडले होते. डायनोसॉरांच्या काळातल्या झाडांचे, दगड झालेले. ती झाडं पृथ्वीवरून कधीच नाहीशी झाली.

एकाहत्तर साली सरांनी दूर पूर्वेकडच्या राजमहालच्या डोंगरातून करवंदाएवढा एक शंकू आणला होता. तिथल्या, आधीच नाव मिळालेल्या, रातांब्याएवढ्या मोठ्या शंकूंत भरलेलं बी असायचं. यात नाचणीहून बारीक ठिपके. बी खुरटंच राहणारी ही वेगळी जात, असं सरांनी ठरवलं. त्याच पावसाळ्यात त्यांची मैना तापाने गेली. पाच वर्षांची एकुलती एक लेक. सरांनी त्या जातीला तिचं नाव दिलं.

तीसेक वर्षांनी त्यांच्याच विद्यार्थिनीच्या, महरीनच्या हाती तिसरा शंकू लागला. आकाराने मधला. खालच्या अंगाला तसेच ठिपके, वरच्या अंगाला फुगत आलेलं बी. लहान शंकू ही वेगळी जात नव्हतीच. मोठ्याचंच ते कोवळं रूप. आणि एका झाडाला दोन नावं चालत नाहीत. आधीचं राहतं, नंतरचं जातं. मैनेचं नंतरचं होतं.

महिनाभर तिने हे पोटात ठेवलं. कोणाला कळणार होतं? पण खोटेपणा करायला सरांनी तिला शिकवलं नव्हतं.

सरांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"छापून टाक. नाव जाऊ दे." आवाज करडा होता.

सरांच्या पत्नी तुळसाकाकू दारात उभ्या होत्या. लेक गेल्यापासून त्या या टेबलाकडे फिरकल्या नव्हत्या. महरीन गडबडून उठली.

"काकू, माफ करा. माझ्यामुळे मैनेचं नाव..."

काकू टेबलाशी आल्या. त्यांनी लहान शंकूवर बोट टेकवलं.

"हा वाढला की तो मोठा होतो काय गो?"

"हो, काकू."

"आणि त्यात बी असतं?"

"असतं. भरलेलं. आत कोंबसुद्धा दिसतो."

काकूंनी मोठा शंकू दोन्ही हातांत उचलून घेतला. सरांसमोर धरला.

"अहो, बघितलंत?" त्या म्हणाल्या. "आपली मैना मोठी झाली."