मॅडमच्या वडिलांची कॅसेट

मेक्सिकोहून वडील गेल्याचा फोन आला, तशा मॅडम गाडीत येऊन बसल्या. “भिकाजी, खणातली कॅसेट लाव. बाबांनी म्हटलेली रांचेरा आहेत त्यात. आईला मागणीही त्यांनी गाऊनच घातली होती. आता आवाज तेवढाच उरलाय.” रांचेरा म्हणजे त्यांच्याकडची शेतामळ्यांतली गाणी. ड्रायव्हर भिकाजीच्या तोंडचं पाणी पळालं. नाव नसलेली ती कॅसेट कोरी समजून परवाच त्याने तिच्यात गुहागरला बायकोकडे धाडायचा निरोप भरला होता. अबुधाबीच्या उन्हात उभ्या गाडीत त्याने कॅसेट आत सरकवून बटण दाबलं. “सगुणा, मी इथे बरा आहे...” मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. “माझ्या हातून पुसलं गेलं, मॅडम,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “थांब,” त्या म्हणाल्या, “तुझं संपलं की बाबा गातील.” आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. दोन्ही बाजू शेवटपर्यंत भरल्यात, हे सांगायला त्याची जीभ रेटेना.