सपाट फरशीवरची उडी

मृणालीचा फोन आला तेव्हा रुचिका बॅगेत साड्या भरत होती.

“ताई, तुमच्या गुंड्याचा पाय कधी मोडला होता का?”

“नाही. का गं?”

“अंगणात चालता चालता मध्येच उडी मारतो. सपाट फरशी आहे, खाली काडीसुद्धा नाही. तरी मारतो. रोज, त्याच जागी.”

रुचिकाच्या हातातली साडी हातातच राहिली.

मृणाली कशेळीत कुत्री-मांजरं सांभाळायची. माणसं बाहेरगावी निघाली की आपली जनावरं तिच्याकडे ठेवून जायची. भातशेती बुजवून उभारलेल्या एका भाड्याच्या गोदामात तिने त्यांच्यासाठी कप्पे पाडले होते आणि पुढे हे लांबरुंद फरसबंद अंगण होतं. नियम मात्र कडक. मुक्कामाआधी जनावराने रुळेपर्यंत, फार तर आठ दिवस, रोज तासभर घरच्या माणसाबरोबर यायचं, जागेला सरावायचं. आजारी किंवा बावरलेलं जनावर ती ठेवून घेत नसे.

आणि गुरुवारी रुचिकाच्या भावाचं, विपुलचं, लग्न होतं. तेही थेट कोइमतूरला. गुंड्या कुत्र्याचं खाणंपिणं, औषधपाणी सगळं रुचिकाच करायची. मृणालीने नाही म्हटलं, तर घरी कोण थांबणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“आजचा कितवा दिवस?” तिने विचारलं.

“सहावा. तसा तो पहिल्याच दिवशी रुळला हो. माझ्या हातून खातो, खुशाल लोळतो. फक्त ही उडी. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, म्हणजे मला ठेवता येईल.”

पहिल्याच दिवशी रुळला? रुचिका चक्रावली. कारण सासरे रोज घरी आले की मान हलवून सांगत, “न्हाय पोरी, अजून बावरतंय ते. उद्या जाया लागंल.”

सासरे म्हणजे केसरीनाथ. कधीकाळचे शेतकरी, वय शहात्तर, बोलणं मोजकं. नवरा धनेश टेम्पो घेऊन नाशिकच्या फेऱ्यांवर, रुचिकाची ऑफिसची ड्युटी. कुत्र्याला नेणार कोण, म्हणून ती डोकं धरून बसली होती, तेव्हा तिने दाखवलेला पत्त्याचा कागद सासऱ्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, “मना काय काम हाय? मी नेतो.”

रुचिका बघतच राहिली. चार वर्षांत या माणसाने गुंड्याला नावाने हाक मारली नव्हती. ‘ते’ म्हणायचे. ‘ते भुकतंय बग.’ एवढाच काय तो जिव्हाळा.

पहिल्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पिशवीत नारळ टाकला. कुत्र्याच्या मुक्कामाला नारळ! रुचिका दिवसभर मनात हसली होती. आता तिला हसू येईना.

लग्नाची पत्रिका आली तेव्हा हेच म्हणाले होते, “एवढं लांब कशाला जायाचा?” म्हणजे मनातून यांना जायचं नव्हतं. कुत्रं बिघडलं की बेत आपोआप रद्द, आणि बोल कुणालाच नाही. ती अशी संशयी नव्हती, पण भावाच्या लग्नापुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी तिने गुंड्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चारही पाय दाबून पाहिले, चालवून पाहिलं. गुंड्या दवाखानाभर सरळ चालला, एकदाही उडाला नाही.

“पाय ठणठणीत आहेत,” डॉक्टर म्हणाले. “कुणीतरी शिकवलंय त्याला.”

झालं, तिचा संशय पक्का झाला. रात्री जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा, तिथे तासभर करता काय तुम्ही?”

“फिरवतो त्याला.”

“आणि तो उडी का मारतो?”

केसरीनाथांनी भाताचा घास कालवला. बराच वेळ कालवला. “हुशार हाय गुंड्या,” म्हणाले.

पहिल्यांदा नाव घेतलं होतं त्यांनी. रुचिकाला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सासरे आणि गुंड्या निघाल्यावर पाच मिनिटांनी स्कूटर काढली. काय काय बोलायचं ते वाटेतच ठरवलं. तीन वर्षांत माहेरचं एक कार्य मी पाहिलं नाही, बाबा. जायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं. मुक्या जनावराला कशाला मध्ये घेतलंत?

फाटकाशी सासऱ्यांच्या चपला एकीला एक लावून ठेवलेल्या होत्या.

“रोज इथेच काढतात,” मृणाली हळूच म्हणाली. “घाला म्हटलं, उन्हाने फरशी तापते, तर नको म्हणतात. आणि तास कसला ताई, तीन-तीन तास असतात. कुत्र्याशिवाय कुणाला आत सोडत नाही हे वॉचमनने पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हापासून पट्टा हातातून सोडत नाहीत.”

रुचिका खांबाआड उभी राहिली.

केसरीनाथ उन्हात अनवाणी चालत होते. गुंड्या मागोमाग. एका बाजूने गेले, कोपऱ्याशी वळले, तिथे नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या त्यांना वाकून हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि परत फिरले. गोदामाचं शटर, पाण्याची टाकी, उभा ट्रक, कशाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं.

अंगणाच्या मध्यावर ते थांबले. धोतराचा सोगा वर धरला, एक पाय उंच उचलून कशावरून तरी पलीकडे टाकला. मग दुसरा. खाली नुसती सपाट फरशी होती.

वळून त्यांनी पट्टा सैल सोडला.

“हलू रं गुंड्या. आपला बांध हाय. तुडवाचा न्हाय.”