मफलरमधलं कुसळ

दगडात सापडलेल्या गवताचा कण भट्टीत ठेवला, की ते गवत ज्या हवेत सुकलं, ती हवा शेजारच्या काचेच्या खोलीत उतरायची. एक कण एकदाच चाले. मग त्याची राख होई. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अशा कितीतरी हवा सुमेधाने अंगावर घेतल्या होत्या. बहुतेक दमटच, आता हिवाळाच न उरलेल्या बाहेरच्या चंद्रपूरसारख्या.

आज तिने खोलीत वडिलांना आणलं होतं. भट्टीत दगड नव्हता. त्यांच्या जुन्या मफलरमध्ये रुतून राहिलेलं कुसळ होतं.

हवा उतरली आणि तिच्या दंडावर काटा आला. काचेवर दव धरलं.

"यंत्र बिघडलं, बाबा. चंद्रपुरात इतकी थंडी कुठली?" तिने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस. बरोबर आहे ते." बाबांनी मफलर तिच्या कानांभोवती घट्ट गुंडाळला. "पौषातली पहाट आहे ही. तुझी आई शेकोटीत हरभरा भाजायची..." ते डोळे मिटून नुसता श्वास घेत राहिले.

थोड्या वेळाने खोली पुन्हा तापली.

"अजून एक कुसळ आहे," सुमेधा म्हणाली. "लावू?"

बाबांची नजर तिच्या सातव्या महिन्याच्या पोटावर गेली.

"नको. तेवढी एक पहाट नातवंडाला राहू दे."

दाराशी पोचल्यावर मात्र ते थबकले.

"त्याला दाखवशील तेव्हा मलाही आत घेशील ना गं?"