वाघिणीवरची ओळ

“पुसलंस व्हय रं ते?” शमशाद ओरडली.

मालगाडीच्या वाघिणीजवळ उकिडवा बसलेला पेंटर कृष्णात दचकून उठला. पण शमशाद त्याच्याकडं बघतही नव्हती. ती आपल्या मुलाला, सादला विचारत होती.

साद रेल्वेत इंजिनिअर होता. रुळांसाठी खडी वाहणारी ही जुनी वाघीण त्यानंच भंगारातून सोडवून कोल्हापूर स्टेशनबाहेर प्रदर्शनाला उभी केली होती. उद्या उद्घाटन होतं. नंबर, वजन, ‘फक्त रुळाच्या कामासाठी’, सगळी पांढरी अक्षरं जुन्या फोटोवरून हुबेहूब काढून झाली होती. खालच्या पट्टीवरची एक ओळ तेवढी गेली होती. तिथं ताजा लाल रंग चमकत होता.

‘खाली पोर हाय. हलवू नका.’

ती ओळ सादच्या वडलांनी, मौलालींनी लिहिली होती. नवरा-बायको दोघंही खडी टाकणाऱ्या टोळीत होते. ही वाघीण कैक वर्षं त्याच टोळीबरोबर फिरली. माळावर झाड नसायचं. सावली काय ती उभ्या वाघिणीखालीच. तिथं जुन्या साडीची झोळी बांधून शमशादनं सादला वाढवलं. मौलाली जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

“अम्मा, हळू. माणसं बघाय लागल्यात.”

“बघूदेत की! बापाचं अक्षर वाकडं दिसलं तुला?”

“ते रेल्वेचं न्हवतं. कुणीबी लिहिलेलं कसं ठेवायचं?”

“कुणीबी?” शमशादनं रंगाचा डबा लाथाडला. कृष्णातच्या पायाशी लाल ओघळ पसरला. “तुझा बाप कुणीबी?”

आता सादचाही तोल सुटला. “मग उद्या साहेबांना काय सांगू? ते पोर म्हणजे मीच म्हणून? ऑफिसात ती ओळ वाचून सगळी हसाय लागल्यात. शाळेत तर पोरं मला वाघिणीचा बछडा म्हणायची! बास झालं आता. व्हय, मीच पुसायला लावलं.”

शमशादचा हात वर गेला. कृष्णातनं तोंड फिरवलं. पण चपराक काही ऐकू आली नाही.

“तू न्हवंस त्यात,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता, राग नव्हता उतरला. “तुझ्या जन्माच्या आदुगर लिवलीया ती ओळ.”

साद गोंधळला. “मग पोर कुणाचं?”

“माझंच. तुझी थोरली भन. सुहाना.”

सादला बहीण नव्हती. निदान आजवर तरी त्याला तसंच माहीत होतं. हे नाव घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

“तिच्यासाठी लिहिली अब्बांनी?”

“न्हाय रं,” शमशाद म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि नजर त्या ताज्या लाल रंगावर खिळलेली होती. “ती झोळीत निजलेली. आमी पलीकडं खडी वढत हुतो. इंजिन लागलं आन् वाघीण हलली. त्या दिशी हितं काय बी लिवलेलं न्हवतं.”