तिरकी फळी

कर्वेनगरच्या दुकानात शेफाली आपल्या स्टुडिओसाठी चित्रं काढायचं तिरक्या फळीचं ड्राफ्टिंग टेबल निवडत होती आणि नवरा रविराज दुकानदाराला अक्कल शिकवत होता. “बाजूचा स्क्रू सोडला की तिरकी फळी धाडकन खाली येते. बोटं सांभाळा,” दुकानदार म्हणाला. शेफालीला ते सांगायची गरज नव्हती. गेल्या दिवाळीत “मी बोलतोय आणि तुझ्या रेघोट्या चालूच?” म्हणत रविराजने घरच्या अशाच टेबलाची फळी तिच्या उजव्या हातावर आपटली होती. डॉक्टरांना म्हणाला, “बोटं दारात चेंगरली.” तेव्हापासून ती डाव्या हाताने चित्रं काढायची. “अहो, लॉक असं बसवतात होय? थांबा,” म्हणत रविराजने फळीखाली हात घातला. शेफालीच्या डाव्या हाताने स्क्रू सोडला. आधी हाडं कडाडली, मग रविराज किंचाळला. दुकानदार पांढराफटक पडला. “हेच टेबल पाठवा,” शेफाली म्हणाली. “डॉक्टरांना सांगा, बोटं दारात चेंगरली. यांना पाठ आहे.”