नकाराची चौकट

ऊनजूनं शिक्का होकाराच्या चौकटीत उमटवला आणि टेबलापलीकडे बसलेल्या तिच्या बापाचा चेहरा उतरला.

"चौकट चुकली बघ तुझी," गिलदो म्हणाला. "नकाराची खाली आहे."

"चुकली नाही."

"चष्मा लावून बघ, पोरी."

"बघूनच उमटवलाय. तुम्हाला वर जायचंय ना? जा. मी घातलेली बंदी मीच उठवली."

वर म्हणजे डोंगरमाथ्यावरचा कॅसिनो. त्याच डोंगराच्या पोटात गिलदो चोवीस वर्षं कोळसा खणायला उतरला होता. पुढे खाण मिटली, माथ्यावर दिवे लागले, आणि डोंगराच्या पोटातून मिळवलेलं तो डोंगराच्या डोक्यावर नेऊन ओतत राहिला. साडेचार वर्षांपूर्वी ऊनजूच्या आईनं दवाखान्यात डोळे मिटले, तेव्हा तो वर पत्ते धरून बसला होता. फोन बंद. आईचं सगळं उरकलं तशी ऊनजू राजधानी सोलहून पायथ्याच्या या कचेरीत आली आणि तिनं बापाला कॅसिनोचं दार बंद करून टाकलं. लेकीला तेवढा अधिकार असतो.

ती बंदी उठवण्याचा अर्ज सहा महिन्यांतून एकदा करता येतो. मग कचेरी दोघांना अर्धा तास एका टेबलाशी बसवते आणि लेकीला विचारते, उठवायची का? गिलदोनं एकही खेप चुकवली नाही. आठ वेळा पत्र गेलं, आठ वेळा ऊनजू तीन तासांची गाडी धरून आली, आठ वेळा 'नाही'वर शिक्का मारून परत गेली. शिक्का बापानंच दिलेला. ती शाळेत जायला लागली तेव्हा त्यानं तो खाणीतल्या जुन्या टेकूच्या लाकडातून कोरला होता. तिच्या नावाचा, सहीच्या जागी उमटवायला.

दर खेपेला तो फडक्यात उकडलेले बटाटे बांधून आणायचा. "जेवलीस का? नातीचे दात पडायला लागले का?" ऊनजू घड्याळाकडे बघत बसायची. आत शिरायला मिळावं म्हणून माणूस काय काय गोड बोलतो, तिला वाटायचं. त्या अर्ध्या तासाबाहेर बापलेकीत शब्द नव्हता. फोन ती घेत नसे.

या खेपेला ती थकली होती. दगडावर पाणी ओतून दगड भिजला नाही, हात मात्र भरून आले. बुडायचंय त्याला बुडू दे.

"आणखी एकदा विचार कर," गिलदो म्हणत होता. "जुगाऱ्याचा काय भरवसा? उद्याच जाऊन बसेन मी."

"बसा."

"मग असं कर, आज राहू दे. बर्फ वितळलं की ये, तेव्हा ठरव."

"आता येणं नाही, बाबा. माझ्या शिक्क्याची गरज संपली तुम्हाला."

गिलदोनं त्या लाल ठशाकडे एकदा पाहिलं. मग त्यानं बटाट्यांचं गाठोडं तिच्यापुढे सरकवलं. "गाडीत गार होतील. इथंच खा." उठताना त्याला खोकला आला. खाण मिटून इतकी वर्षं झाली, तरी तिची धूळ त्याच्या छातीत राहायलाच होती. टोपी घालून, भिंत धरत तो बाहेर गेला.

"मागितलेलं मिळालं तरी तोंड बघा," ऊनजू कचेरीतल्या बांगबाईंना म्हणाली. "आता थेट वरच जाईल."

बांगबाईंनी कागदाला अजून हात लावला नव्हता. "नाही जाणार," त्या म्हणाल्या. "जाऊच शकत नाहीत."

त्यांनी कपाटातून जुनी वही काढली, एक पान उघडलं आणि तिच्याकडे वळवलं. "माणूस स्वतःवरही बंदी घालू शकतो, जन्मभराची. ती कुणालाच उठवता येत नाही. त्याची त्यालासुद्धा नाही."

खाली गिलदोची वाकडी सही होती. तारीख ऊनजूनं बंदी घातली त्याच दिवसाची. वेळ तिच्याआधी अर्ध्या तासाची.

तिला कचेरीचा जिना आठवला. त्या सकाळी ती चढत होती आणि बाप उतरत होता. रात्रभर हरून येतोय, असं समजून तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

"मग हे अर्ज?"

"अर्ज आला की तुम्हाला पत्र जातं. पत्र गेलं की तुम्ही येता." बांगबाईंनी वही मिटली. "मला शपथ घातली होती त्यांनी. या खेपेला जिना चढायला पाऊण तास लागला त्यांना."

"हा कागद फाडा."

"शिक्का पडलाय, ताई."

"मग पुढची भेट?"

"तुमची बंदीच उरली नाही, तर भेट कसली?"

ऊनजू खिडकीशी गेली. खाली गिलदो बसच्या पायरीवर एक पाय ठेवून श्वास गोळा करत होता. धावत जावं असं तिच्या पायांना वाटलं. पण जाऊन म्हणायचं काय? मध्ये टेबल नसताना त्याच्याशी बोलायचं कसं, ते ती विसरून गेली होती. बसचं दार मिटलं. बस उताराला लागली.

"मला नवा अर्ज द्या," ती वळून म्हणाली. "बंदी घालण्याचा."

"अहो, कशाला? आत्ताच तर दाखवलं तुम्हाला."

"द्या तुम्ही."

बांगबाईंनी अर्ज दिला, पण हातातून सोडला नाही. "उठवण्याची मागणी त्यांना मग सहा महिने करता येत नाही. माहीत आहे ना?"

आई गेल्यापासून ऊनजूनं कुठल्याच देवापुढे हात जोडले नव्हते. शिक्का लाल शाईत बुडवताना तिचे ओठ हलले: माझ्या बापाला सहा महिने दे, 'मला जुगार खेळू दे' असं म्हणायला त्याला इथवर येता येण्यापुरते.