डावा गाल

"तास झाला, उंदरा, आणि कागद अजून कोराच? मला इथं बसवून तू झोप काढतोस की काय?"

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसली होती. लहानपणी तो पेन्सिलींची टोकं कुरतडायचा, म्हणून पन्नाशी आली तरी तिच्या लेखी तो उंदीरच.

"कोरा नाही. हलू नकोस."

खरंच कोरा नव्हता. एक बोथट सुई कागदात दाबून तो एकेक केस ओढत होता. नंतर वरून पेन्सिलीची पूड फिरवली की कागद काळवंडतो, दाबलेल्या खाचा तेवढ्या पांढऱ्या राहतात. तिचे कानशिलावरचे पिकले केस त्याला तसे उतरवायचे होते. आजवर तो ते खोडरबरानं काढी, आणि ती म्हणे, "डोक्यावर चुना सांडल्यासारखं दिसतंय." ही नवी रीत त्यानं आठवडाभर रद्दी कागदांवर गिरवली होती. एकच भीती होती. दाबलेली खाच पुसता येत नाही.

आणि वेळ आजचाच होता. उद्या ताईच्या जबड्याचं ऑपरेशन. गाठीबरोबर डाव्या बाजूचं हाडही काढावं लागेल, चेहरा थोडा बदलेल, असं डॉक्टर म्हणाले होते. थोडा म्हणजे किती, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. घरी येताना ताई एवढंच बोलली होती, "त्याआधी मला एकदा नीट काढून ठेव. आहे तशी."

"देवाशी बोलून घेतलंय मी," खुर्चीतून ती म्हणाली. "म्हटलं, जन्मभर याच तोंडानं तुझं नाव गायले. उद्या जरा लक्ष असू दे. मला गप्प बसवलंस तर तुलाच करमायचं नाही."

त्याला हसू फुटलं. त्या हसण्यात हात हलला आणि सुई डाव्या कानापासून हनुवटीकडे सर्रकन उतरली.

कागद होता तसाच पांढरा दिसत होता. खाच मात्र पडली होती.

त्यानं कुंचल्यावर पूड घेतली आणि कपाळापासून सुरुवात केली. केस एकेक करून उजळत वर आले, अगदी मनासारखे. उजवा गाल झाला. नाक झालं. मानेवरची सावली त्यानं दोनदा केली. मग पुन्हा उजव्या गालाकडे वळला.

ताई उठून त्याच्या पाठीशी आली. "अगं बाई, केस बघ कसे आलेत! आणि हा डावा गाल का सोडलास? त्याला आधीच रजा दिलीस?"

"करतो."

"कधी? मी परत आल्यावर?"

तिनं त्याच्या हातातून कुंचला घेतला आणि गालावर फिरवला. काळ्या पुडीतून एक लांब पांढरी रेघ उघडी पडली.

"ती जाणार नाही आता," तो कसाबसा म्हणाला. "मघाशी हसलो ना... थांब, नवा कागद घेतो."

"उजेड आहे का तेवढा?"

खिडकीबाहेर ऊन भिंतीच्या वरच्या टोकाला गेलं होतं.

ताईनं आपल्या गालावरून बोट फिरवलं. चित्राकडे बघत, सावकाश. "डॉक्टरांनी दाखवलेली कापायची रेघ हिच्या खालून जाते," ती म्हणाली. "आणि त्या मानानं तुझी बरीच बारीक आहे रे."

ती परत जाऊन बसली. तो कागदावर वाकला. पेन्सिल हातात घेतली, टोक तासलं, पुन्हा तासलं.

"उंदरा."

"हं?"

"कान बघितलास, केस बघितलेस, गाल तर हजारदा बघितलास. डोळ्यांकडे काही बघितलं नाहीस अजून."

त्यानं मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते. हनुवटी ढळू नये म्हणून तिनं ते पुसले नव्हते.